मिरवणूक कोणाची?

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सेंट ऑगस्टीन नावाचं एक जुनं स्पॅनिश ठाणं आहे. या ठाण्यातल्या दारूगोळ्याच्या खर्चाचे कागद स्पेनच्या दप्तरात जपून ठेवले आहेत. अमेरिकी इतिहासकार मायकेल फ्रान्सिस यांना त्यांत एक नोंद सापडली. मार्च १६०१ मध्ये ‘सान पात्रिसियो’च्या, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या, सणाला गावकरी जमले आणि रस्त्यानं मिरवत गेले. हिशेबनीसाला मांडायचा होता तो दारूगोळ्याचा खर्च. पण त्या निमित्तानं सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीची आज माहीत असलेली सर्वांत जुनी नोंद त्याच्या हातून लिहिली गेली. गावात तेव्हा रिकार्दो आर्तुर नावाचे आयरिश पाद्री होते, आणि हा संत तिथल्या मक्याच्या शेतांचा राखणदार मानला जात असे.

आयर्लंडच्या भूमीवर अशी मिरवणूक रुजायला त्यानंतर जवळपास तीनशे वर्षं जावी लागली. १७ मार्चला जग जो हिरवा उत्सव पाहतं, तो बव्हंशी आयर्लंड सोडून गेलेल्या माणसांनी घडवला. दुष्काळानं, कर्जानं, कायद्यानं किंवा बेड्या घालून ज्यांना घराबाहेर काढलं, त्यांनी परमुलखातल्या रस्त्यावर आपली जागा मागितली. पुढे ती जागा मिळाली, आणि तीच माणसं इतरांना रस्ता द्यायला नाखूश झाली. या सणाचा चारशे वर्षांचा इतिहास वाचताना एकच प्रश्न वारंवार समोर येतो: या रस्त्यावरून उजळ माथ्यानं चालण्याचा हक्क कोणाला?

पळवून नेलेला मुलगा

पॅट्रिक पाचव्या शतकातला. तो मूळचा आयरिश नव्हताच. रोमन अमलाखालच्या ब्रिटनमध्ये खाऊनपिऊन सुखी घरात तो वाढला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास आयरिश लुटारूंनी त्याला पळवून नेलं आणि गुलाम केलं. सहा वर्षं तो उन्हापावसात मेंढरं राखत होता. पुढे तो निसटला, घरी परतला, धर्मदीक्षा घेतली, आणि ज्या लोकांनी त्याला गुलाम केलं होतं त्यांच्यातच धर्मोपदेशक म्हणून परत गेला.

त्यानं सापांना हाकलून दिलं, शॅमरॉकच्या तीन पानांवरून त्रैक्याचं तत्त्व शिकवलं, या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. पण त्याच्या स्वतःच्या लिखाणात साप नाहीत आणि शॅमरॉकही नाही. शॅमरॉकची कथा छापील स्वरूपात दिसते ती १७२६ मध्ये, केलेब थ्रेलकेल्ड यांच्या वनस्पतींवरच्या पुस्तकात. पॅट्रिकचे दोन लॅटिन मजकूर मात्र टिकले आहेत. एक त्याचं आत्मनिवेदन. दुसरं, कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांना लिहिलेलं जळजळीत पत्र. त्या सैनिकांनी नव्यानं ख्रिस्ती झालेल्या माणसांना पकडून गुलाम म्हणून विकलं होतं. ज्यानं स्वतः गुलामी भोगली त्याचा संताप त्या पत्रात आहे. आयरिश लोकांचा राष्ट्रसंत हा मुळात परका आणि पळवून आणलेला माणूस होता, ही गोष्ट पुढचा सगळा इतिहास वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

कॅथलिक चर्चच्या पंचांगात १७ मार्चला जागा मिळवून दिली ती रोममध्ये राहणाऱ्या ल्यूक वॉडिंग या आयरिश फ्रान्सिस्कन संन्याशानं, १६३०च्या दशकाच्या सुरुवातीला. तारीख ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात पडणारी. त्या एका दिवशी उपासाचे निर्बंध सैल होत, मांस चाले, पेला चाले. १६८१ मध्ये आयर्लंडमधून प्रवास करणाऱ्या टॉमस डाइनली या इंग्रजानं लिहून ठेवलं आहे की या दिवशी सगळ्या थरांतले लोक टोपीवर क्रूस लावतात आणि गोरगरीब शॅमरॉक लावून हिंडतात. गावातला सण एवढाच होता: प्रार्थना, टोपीतली तीन पानं आणि उपासातून एक दिवसाची सुटका.

बेटावरची मेजवानी

परमुलखातल्या आयरिशांची गोष्ट सरळ नाही. कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट बेटावर सतराव्या शतकात आयरिश कॅथलिक येऊन वसले. त्यांतले पुष्कळ वेठीच्या करारानं बांधलेले मजूर होते. १६७८च्या शिरगणतीत बेटावरच्या गोऱ्या वस्तीत आयरिशांचाच भरणा दिसतो. काही पिढ्यांत त्यांच्यातले कित्येक उसाच्या मळ्यांचे मालक झाले, आणि मळ्यात राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम आले.

१७ मार्च १७६८ला गव्हर्नरच्या वाड्यावर सणाची मेजवानी ठरली होती. मालक मंडळी त्या दिवशी पिऊन सुस्त असणार, हे गुलामांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बेत आखला. वाड्यात कामाला असलेल्यांनी पाहुण्यांच्या तलवारी ताब्यात घ्यायच्या, आणि बाहेरच्यांनी शेतीची अवजारं, दगड, सोटे घेऊन चाल करायची. पण बेत आधीच फुटला. नऊ जणांना ठार करण्यात आलं. गुलामीतून सुटलेल्या संताच्या दिवशी, त्याच्याच भक्तांच्या मळ्यातल्या गुलामांनी सुटकेचा प्रयत्न केला आणि त्यासाठी प्राण दिले.

मॉन्टसेराटनं ही स्मृती पुसू दिली नाही. १९८५पासून १७ मार्च तिथे सार्वजनिक सुटी आहे. आयर्लंडबाहेर ज्या मोजक्या ठिकाणी या दिवशी सुटी असते त्यांत हे बेट आहे, पण इथली सुटी उठावाच्या आठवणीची आहे. आठवडाभर उत्सव चालतो. उंच टोप आणि मुखवटे घातलेले नर्तक हातात चाबूक घेऊन नाचतात. कजो हेड या गावापासून स्वातंत्र्याची दौड निघते. लोककथा सांगते की कजो या बंडखोर गुलामाचं शिर तिथल्या झाडाला टांगलं होतं. घरोघरी मटणाचा मसालेदार रस्सा शिजतो. बायकांच्या राष्ट्रीय पोशाखाचं कापड हिरव्या, पांढऱ्या, नारिंगी चौकड्यांचं असतं आणि त्याला आजही ‘मद्रास’ म्हणतात. १९९५ नंतर ज्वालामुखीच्या उद्रेकांनी राजधानी प्लिमथ राखेखाली गेली आणि बेटावरच्या दोन तृतीयांश लोकांना स्थलांतर करावं लागलं. तरी दरवर्षी मार्चमध्ये परगावी गेलेली माणसं या उत्सवासाठी परत येतात.

पाचव्या अव्हेन्यूवरची पावलं

उत्तर अमेरिकेत सुरुवात झाली ती सुखवस्तू मंडळींच्या भोजनांनी. १७ मार्च १७३७ला बॉस्टनमध्ये चॅरिटेबल आयरिश सोसायटी स्थापन झाली. तिचे संस्थापक बहुतेक आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमधून आलेले प्रॉटेस्टंट होते आणि अडीअडचणीत सापडलेल्या देशबांधवांना मदत करणं हा त्यांचा हेतू होता. न्यूयॉर्कची मिरवणूक आपला जन्म १७६२चा मानते. ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश शिपायांनी तेव्हा ती काढली. मार्च १७८० मध्ये, कडाक्याच्या हिवाळ्यात मॉरिसटाउनला तळ देऊन बसलेल्या आपल्या फौजेला जॉर्ज वॉशिंग्टन यांनी या दिवशी कामातून सुटी दिली. त्या फौजेत आयरिश सैनिक पुष्कळ होते.

तोवर आयरिश माणूस एवढा नकोसा झाला नव्हता. मग १८४५ साल आलं. बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि आयर्लंडमधल्या गरिबांचं एकमेव अन्न जमिनीतच सडून गेलं. त्याच वेळी बंदरांतून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जातच होती. १८४१ मध्ये देशाची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती. १८५१ मध्ये ती ६५ लाखांच्या आसपास उरली. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली. त्याहून अधिक जहाजांत चढली, आणि कित्येकांना जहाजांतच मरण आलं.

जी पोहोचली ती कंगाल, कॅथलिक आणि बहुतेक वेळा निरक्षर होती. १८५० मध्ये न्यूयॉर्कच्या दर चार रहिवाशांतला एक आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. जुन्या रहिवाशांना ते खपेना. पूर्वी या सणाच्या आदल्या रात्री खोडसाळ लोक चिंध्यांचा ‘पॅडी’, म्हणजे आयरिश माणसाचा पुतळा, करून त्याच्या गळ्यात बटाट्यांची माळ घालून खांबाला टांगत. दुष्काळ पडण्याआधीच प्रकरण चिंध्यांच्या पुढे गेलं होतं. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली उसळल्या, कॅथलिक चर्च जाळली गेली. तीच आग न्यूयॉर्कला येणार अशी चिन्हं दिसताच बिशप जॉन ह्यूज यांनी चर्चभोवती हत्यारबंद माणसं उभी केली, आणि एकाही चर्चला धक्का लागला तर शहराची गय होणार नाही, असं महापौरांना बजावलं. न्यूयॉर्कमधली चर्च वाचली.

त्या भीतीच्या काळात सणाच्या भोजनांची जागा मिरवणुकीनं घेतली. १८३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेली एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स ही संघटना आणि मजुरांच्या परस्पर साहाय्य मंडळ्या आपापले झेंडे घेऊन एकत्र चालू लागल्या. एरवी ही माणसं कालवे खणत, विटा वाहत, लोकांच्या घरी धुणी धूत. या एका दिवशी ती स्वच्छ कपड्यांत, छातीवर आडवा हिरवा पट्टा घालून, ओळीनं शहराच्या मध्यातून जात. आम्ही किती आहोत ते डोळ्यांनी पाहा, हे सांगायला भाषणाची गरज नव्हती. मतं मागणारे पुढारी ते पाहत होतेच. १८८० मध्ये विल्यम ग्रेस हे न्यूयॉर्कचे पहिले आयरिश कॅथलिक महापौर निवडून आले. त्यानंतर चारच वर्षांनी बॉस्टननं ह्यू ओब्रायन यांना निवडलं.

न्यूयॉर्कची मिरवणूक आजही पायी चालते. सजवलेले रथ नाहीत, मोटारी नाहीत. सर्वांत पुढे एकोणसत्तरावी पायदळ पलटण असते. १८५१पासून हा मान तिच्याकडे आहे. सैनिकांबरोबर करड्या रंगाचे उंचेपुरे आयरिश वुल्फहाउंड कुत्रे चालतात. मागे बॅगपाइपची पथकं, अग्निशामक दलाच्या आणि पोलिसांच्या तुकड्या. मग आयर्लंडच्या एकेका परगण्याचं नाव लिहिलेले फलक, आणि त्या प्रत्येक फलकामागे त्या मातीतून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. ४४व्या रस्त्यापासून ७९व्या रस्त्यापर्यंत पाचव्या अव्हेन्यूवर तासन्‌तास माणसांचा ओघ चालू राहतो. वाटेत सेंट पॅट्रिक कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर आर्चबिशप स्वागताला उभे असतात. १८७९ मध्ये उघडलेलं हे भव्य चर्च ह्यूज यांनीच बांधायला घेतलं होतं. मोलकरणींनी आणि हमालांनी दिलेली नाणीही त्यात आहेत.

गुन्हेगार, आर्चबिशप आणि प्लंबर

ऑस्ट्रेलियात हा सण पोचला तो कैद्यांच्या जहाजांतून. १७९५च्या मार्चमध्ये सिडनीत आयरिश कैद्यांनी संताच्या नावानं इतकी ढोसली की रात्रीपर्यंत कोठड्या भरून गेल्या, अशी नोंद वसाहतीचे अधिकारी डेव्हिड कॉलिन्स यांनी केली आहे. १८१० मध्ये गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांनी सरकारी कामावरच्या मजुरांना या दिवशी स्वतः मेजवानी दिली, तेव्हा कुठे सणाला राजमान्यता मिळाली.

शंभर वर्षांनी मेलबर्नमध्ये याच मिरवणुकीनं साम्राज्याला आव्हान दिलं. १९२० मध्ये आयर्लंडमध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं. मेलबर्नचे आर्चबिशप डॅनियल मॅनिक्स यांनी पहिल्या महायुद्धात सक्तीच्या लष्करभरतीला उघड विरोध केला होता, त्यामुळे राजनिष्ठ मंडळी आयरिशांना देशद्रोही म्हणत होती. मिरवणुकीत मॅनिक्स यांच्या गाडीपुढे पांढऱ्या घोड्यांवर चौदा सैनिक होते. प्रत्येकाच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस होता. साम्राज्याचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेले वीर या आर्चबिशपांच्या पुढे चालताहेत म्हटल्यावर आरोप करणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज उरली नाही.

शिकागोची कथा कामगारांची आहे. शहरातल्या प्लंबरांच्या युनियनचे लोक नदीत सांडपाणी कुठून मिसळतं हे शोधण्यासाठी नळांत रंग सोडत. असाच एक गडी कामावरून परतला तेव्हा त्याचे कपडे सणाच्या हिरव्या रंगानं माखले होते. युनियनचे पुढारी स्टीफन बेली यांना त्यातून कल्पना सुचली. १९६२ मध्ये त्यांनी १०० पौंड रंग नदीत ओतला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. पुढे मात्रा कमी केली, रंगही वनस्पतिजन्य वापरू लागले. आज हे काम पाहणाऱ्याला आधी आश्चर्य वाटतं, कारण भुकटी हिरवी नसते, नारिंगी असते. एका होडीतून माणसं चाळणीनं ती पाण्यावर पसरतात, दुसरी छोटी होडी मागून घिरट्या घालत पाणी ढवळते, आणि पाहता पाहता नारिंगी लाटा पाचूसारख्या हिरव्या होतात. युनियनमधली ठरावीक घराणी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत आणि रंगाची कृती ती बाहेर फुटू देत नाहीत.

सणाचं ताटही परदेशातच बदललं. आयर्लंडमध्ये डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर कोबी शिजे. न्यूयॉर्कच्या गरीब आयरिशांना शेजारच्या ज्यू खाटकांकडे खारवलेलं गोमांस स्वस्त मिळालं. तेव्हापासून अमेरिकेत गोमांस आणि कोबी हाच सणाचा स्वयंपाक ठरला. दोन निर्वासित जमातींच्या शेजारातून तयार झालेला हा पदार्थ आज आयरिश म्हणून ओळखला जातो.

घरी परतलेला सण

जगभर हा जल्लोष चालू असताना मायदेशी काय होतं? १९०३ मध्ये जेम्स ओमारा या आयरिश खासदाराच्या प्रयत्नांनी ब्रिटिश संसदेनं आयर्लंडमध्ये १७ मार्चची सुटी मंजूर केली. स्वातंत्र्य मिळाल्यावर नव्या सरकारला धर्माचं गांभीर्य जपायचं होतं, म्हणून या दिवशी दारूचे गुत्ते बंद ठेवण्याचा कायदा झाला. तो १९६० पर्यंत टिकला. त्या काळात डब्लिनमध्ये रॉयल डब्लिन सोसायटीच्या श्वानप्रदर्शनात तेवढी दारू मिळे, त्यामुळे ज्यांना कुत्र्यांशी काही देणंघेणं नाही अशांचीही तिथे गर्दी उसळे.

एरवी दिवस शांत असायचा. सकाळी प्रार्थना, दुपारी क्रोक पार्क मैदानावर हर्लिंग या आयरिश खेळाचे सामने. त्याआधीच घराघरांतून पाकिटं रवाना झालेली असत. ओलसर शेवाळात गुंडाळलेली शॅमरॉकची पानं बॉस्टन, लिव्हरपूल, सिडनीला गेलेल्या मुलांकडे टपालानं जात. अशीच एक छोटी पेटी १९५२ मध्ये आयरिश राजदूत जॉन हर्न यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना भेट म्हणून पाठवली. त्यातूनच दरवर्षी व्हाइट हाउसमध्ये शॅमरॉक देण्याची प्रथा पडली. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या देशाच्या पंतप्रधानाला दरवर्षी अमेरिकेच्या अध्यक्षांची हमखास भेट मिळते, ती या मूठभर पानांमुळे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलटी गंगा वाहू लागली. अमेरिकेतली बँडपथकं डब्लिनच्या मिरवणुकीत वाजवायला येऊ लागली, पर्यटक आले, आणि १९९६पासून सरकारनं स्वतः सेंट पॅट्रिक महोत्सव सुरू केला. परदेशी गेलेल्यांनी घडवलेलं रूप मायदेशानं आपलंसं केलं.

बंद दरवाजे

१९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आयरिश समलिंगी स्त्री-पुरुषांच्या एका गटानं मिरवणुकीत चालण्याची परवानगी मागितली. आयोजकांनी ती नाकारली. तोडगा म्हणून मॅनहॅटनच्या एका हायबर्नियन शाखेनं त्यांना आपल्याबरोबर घेतलं, पण स्वतःचा फलक न घेता. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर डेव्हिड डिंकिन्स त्यांच्यासोबत चालले. दोन्ही बाजूंच्या गर्दीतून शिव्या आल्या, बिअर फेकली गेली. ज्यांच्या पणजोबांचे चिंध्यांचे पुतळे याच शहरात टांगले गेले होते, त्यांच्यातले लोक आपल्याच माणसांवर बिअर फेकत होते. बॉस्टनमधलं असंच भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५ मध्ये न्यायालयानं एकमतानं निकाल दिला की मिरवणूक ही खासगी आयोजकांची अभिव्यक्ती आहे, कोणाला घ्यायचं ते त्यांनी ठरवावं.

कायद्यानं दार लावून घेता आलं, तरी लोकमत बदलत होतं. २०००पासून क्वीन्समध्ये ‘सेंट पॅट्स फॉर ऑल’ ही सर्वांसाठी खुली मिरवणूक सुरू झाली. २०१५ मध्ये बॉस्टननं दार उघडलं आणि न्यूयॉर्कनं एका गटाला घेतलं. त्याच वर्षी मे महिन्यात आयर्लंडच्या मतदारांनी ६२ टक्के मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. पुढच्या वर्षी पाचव्या अव्हेन्यूवर आयरिश समलिंगींचा स्वतःचा गट स्वतःच्या फलकासह चालला. पहिल्या नकाराला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

२०१८ मध्ये त्याच मिरवणुकीत आयर्लंडचे पंतप्रधान चालत होते. लिओ वराडकर. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईहून गेलेले, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आई आयरिश परिचारिका. स्वतः समलिंगी असल्याचं त्यांनी २०१५ मध्ये जाहीर केलेलं. स्थलांतरिताचा मुलगा आणि समलिंगी पुरुष, सरकारचा प्रमुख म्हणून पाचव्या अव्हेन्यूवरून गेला. २०१९च्या अखेरीस ते कुटुंबासह वराडला येऊन गेले. पुढच्या मार्चमध्ये करोनाच्या सावटाखाली व्हाइट हाउसमध्ये त्यांनी आणि ट्रम्प यांनी हस्तांदोलन टाळून एकमेकांना नमस्कार केला.

पण सगळं सुरळीत झालं असं म्हणवत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनच्या मध्यवस्तीत स्थलांतरितांविरुद्ध दंगल झाली. २०२५च्या उन्हाळ्यात तिथे भारतीयांवर हल्ले झाले, भारतीय दूतावासाला सावधगिरीच्या सूचना द्याव्या लागल्या, आणि ऑगस्टमधला ‘इंडिया डे’चा सार्वजनिक कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी हल्ल्यांचा स्पष्ट शब्दांत निषेध केला आणि रुग्णालयांपासून उद्योगांपर्यंत भारतीयांनी दिलेल्या योगदानाची देशाला आठवण करून दिली.

डब्लिनच्या मिरवणुकीत आज ब्राझील, पोलंड, भारत अशा देशांतून आलेली माणसं हौसेनं नाचतात. हे फार मोलाचं आहे. पण ज्या जमातीनं परक्या शहरांत नकोसेपण सोसलं, तिच्याकडून अपेक्षा वर्षातल्या एका दिवसापुरती नाही. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या नर्सला डब्लिनच्या रस्त्यावर निर्धास्त चालता यावं, एवढी ती साधी आहे. पळवून आणलेल्या एका परक्या मुलाला जो देश दीड हजार वर्षं आपला म्हणत आला, त्याला ही अपेक्षा जड जाऊ नये.